नागपुरात मेटल डिटेक्टिंग सुरू करायचं आहे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडून मशीनने मातीतला धातू शोधायच्या या छंदाबद्दल लोक जे जे विचारून राहिले ते सगळं एका जागी लिहून ठेवतो. काही उत्तरं लांब आहेत कारण तिथे अर्धवट माहितीवर गेलात तर पोलीस स्टेशनपर्यंत जायची वेळ येऊ शकते, म्हणून मशीन घ्यायच्या आधी निदान कायद्याचा भाग तरी पूर्ण वाचा.

हे मशीन काम कसं करते? सोनं आहे की लोखंड ते सांगते का?

खालच्या गोल चकतीला कॉइल म्हणतात. तिच्यातून बदलता करंट फिरतो, त्याने मातीत चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रात धातू आला की त्या धातूतही बारीक करंट फिरायला लागतो आणि तो स्वतःचं छोटं क्षेत्र परत पाठवतो. कॉइलमधली दुसरी तार ते पकडते आणि कानात टोन वाजतो. परत येणारा सिग्नल किती उशिरा आला, किती जोराचा आहे, यावरून मशीन एक आकडा दाखवते त्याला टार्गेट आयडी म्हणतात. हा आकडा धातू वीज किती वाहतो आणि तुकडा केवढा आहे एवढंच सांगतो, 'हे सोनं' असं काही सांगत नाही. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चांदी कागद आणि बारीक सोन्याची अंगठी बरेचदा एकाच आकड्यावर येतात.

तत्त्व जुनंच आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच यंत्र लावून शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

भारतात मेटल डिटेक्टिंग कायदेशीर आहे का?

मशीन विकत घेणं, स्वतःच्या शेतात किंवा मालकाच्या परवानगीने त्याच्या जागेत फिरवणं यात अडचण नाही. अडचण आहे ती कुठे खोदता आणि सापडल्यावर काय करता याच्यात. तीन कायदे डोक्यात ठेवा.

पहिला १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, इंग्रजांच्या काळातला पण आजही लागू. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशात दडलेली कुठलीही मौल्यवान वस्तू म्हणजे 'ट्रेझर', आणि तिची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. हो, दहाच रुपये, १८७८ चा आकडा तसाच आहे, त्यामुळे एक जुना तांब्याचा पैसासुद्धा सहज यात बसतो.

दुसरा १९५८ चा प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा कायदा. संरक्षित जागेत खोदणं गुन्हा आहे, २०१० च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीत संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरलं. ती रेष बांधकाम आणि खाणकामासाठी आखलेली आहे पण आपण त्याच्याही बाहेर राहायचं, तिथे हातात मशीन घेऊन दिसलात तर 'मी फक्त फिरत होतो' हे कोणीच ऐकणार नाही. राज्याच्या संरक्षित जागांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे.

तिसरा १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात आणि त्या आपल्यासारख्याला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी वेबसाइटवर जुनं नाणं विकून कुरिअर करायचं कोणाच्या डोक्यात असेल तर ते आताच काढून टाका.

पण इंग्लंडचे रील्स बघितले, तिथे तर लोक सोनं काढून मालामाल होऊन राहिले?

तिथला कायदा वेगळा आहे. त्यांचा ट्रेझर ॲक्ट १९९६ चा, आणि शोधणाऱ्यांनी सापडलेल्या वस्तू नोंदवाव्यात म्हणून तिथे सरकारी मदतीने चालणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे. २००९ मध्ये टेरी हर्बर्ट यांना सापडलेला स्टॅफर्डशायरचा सोन्याचा साठा याच व्यवस्थेतून म्युझियममध्ये गेला, आणि त्यांना नि शेतमालकाला मोबदला मिळाला. त्या रील्समधून खोदायची सफाई, खड्डा बुजवायची पद्धत शिका, कायदा मात्र आपला वाचा.

समजा खरंच काही जुनं सापडलं, तर नेमकं काय करायचं?

सगळ्यात आधी हात थांबवा. आणखी खोदू नका. वस्तू जागेवर असतानाच फोटो घ्या, बाजूला खुरपं किंवा पट्टी ठेवून, म्हणजे माप कळते. मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, खोली लिहा. शेतमालकाला लगेच सांगा, त्याच्यापासून लपवलं की तुमची नियत गेली आणि कायद्यातही अडकलात.

मग जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, नागपूरचं ऑफिस सिव्हिल लाईन्सला आहे. अर्जात तीन गोष्टी हव्यात, काय आणि किती (किंवा अंदाजे किंमत), कुठे सापडलं, कधी सापडलं. वस्तू जवळच्या सरकारी ट्रेझरीत जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करतो अशी हमी द्यायची. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, ती प्रत म्हणजे तुमचा पुरावा.

पुढे चौकशी होते. कोणी खरा मालक निघाला नाही आणि शोधणारा नि जागेचा मालक यांच्यात आधी काही ठरलेलं नसलं, तर कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जागामालकाचे. सरकारला वस्तू ठेवायची असली तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ते घेऊ शकतात. आणि कळवलंच नाही तर? हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

जुनापाणी, माहुरझरी, मनसर, नगरधनला मशीन घेऊन जाऊ का? तिथे नक्की मिळेल.

मिळेल, म्हणूनच जायचं नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी दरवेळी सविस्तर देतो.

काटोल रोडवरच्या जुनापाणीला शेकडो शिळावर्तुळं आहेत, मोठमोठे दगड गोल मांडलेले आणि आत गोट्यांचा भराव. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये तिथली काही वर्तुळं खोदल्याची नोंद आहे. माहुरझरीला माणसाबरोबर पुरलेला घोडा आणि त्याचे तांब्याचे दागिने निघाले. पेंचकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. म्हणजे आपल्या विदर्भातला लोहार तेव्हा लोखंड गाळून कुऱ्हाडी, कट्यारी, घोड्याचे लगाम बनवत होता.

आता विचार करा, हे कळलं कशावरून? नुसत्या कुऱ्हाडीवरून नाही. ती कुऱ्हाड कोणत्या थरात होती, तिच्या बाजूला कोणतं मडकं होतं, हाडांच्या कोणत्या बाजूला ठेवली होती, यावरून. मशीनवाल्याने बीप ऐकून एक वीतभर खड्डा केला आणि कुऱ्हाड उपटली की हातात गंजलेला लोखंडाचा तुकडा राहतो, भंगारात त्याचे पाच रुपये येणार नाहीत, आणि जे कळायचं होतं ते कायमचं गेलं. परत कोणी कितीही हुशार आला तरी ते जोडता येत नाही.

मनसर-नगरधनचंही तेच, वाकाटकांची राजधानी या भागात होती. कुही तालुक्यातलं अडम पण असंच. शेतात गोल मांडलेले दगड दिसले, नांगरताना खापरं, मणी, जुन्या विटा वर येऊन राहिल्या, तर मशीन बंद करा, फोटो आणि लोकेशन घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला कळवा. विदर्भात अशी कितीतरी शिळावर्तुळं शेतातच उभी आहेत, त्यांच्यावर बोर्ड नाही म्हणून ती खोदायला मोकळी झाली असं नाही.

मग जायचं तरी कुठे?

ओळखीच्या माणसाचं शेत, मामाच्या गावचं आवार, पाडलेल्या घराची माती (मालकाने हो म्हटलं तर, महाल-इतवारीत जुने वाडे पडत असतात), लग्नाचे लॉन, सोसायटीचं ग्राउंड. अंबाझरी, फुटाळ्याचा काठ सार्वजनिक आहे म्हणून आपला होत नाही, तिथे खोदायला संबंधित ऑफिसची परवानगी लागते.

जंगल पूर्ण वर्ज्य. गोरेवाडा असो, पेंच असो, वन विभागाच्या जमिनीत खुरपं लावायचं नाही. कामठी कॅन्टोन्मेंट, डिफेन्सच्या जागा, रेल्वे, कुठलाही किल्ला वर्ज्य. मंदिराचं आवार, स्मशान, नदीचा अस्थिविसर्जनाचा घाट इथेही मी कोणाला जाऊ देत नाही, रामटेकच्या अंबाळा तलावात लोकांनी आपल्या माणसाच्या नावाने सोडलेलं नाणं आहे ते, त्याच्यावर आपला काय हक्क.

शेतमालकाला विचारायचं कसं?

दिवसा, समोरासमोर, मशीन गाडीत ठेवून. सरळ बोला. "काका, माझा हा छंद आहे, शेतातलं हरवलेलं लोखंड शोधतो, पीक निघालं की दोन तास फिरू का? खड्डा बुजवून देईन." समोरून हमखास येते, "अन् सोनं निंगालं तं?" तेव्हा हसण्यावारी नेऊ नका, कायदा सांगा, की जुनं काही निघालं तर दोघं मिळून कलेक्टरला कळवू, आणि वाटा कसा करायचा ते आधीच कागदावर लिहू. एक साधा सही केलेला कागद पुरे, निदान व्हॉट्सॲपवर त्यांचा हो असू द्या. बटाईने शेती दिली असेल तर मालक आणि कसणारा दोघांनाही विचारा. नागपंचमीला शेतात खुरपं लावायचं नाव काढू नका.

माझा अनुभव असा की शेतकऱ्याला त्याची वस्तू आधी शोधून द्या. ट्रॅक्टरची पडलेली पिन, वखराची पास, विहिरीजवळ मातीत गेलेला पाना. ते मिळालं की चहा येतो आणि शेजारचा शेतकरीपण बोलावतो.

पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

ऑनलाइन पाच ते दहा हजारात चिनी मशीन मिळतात, एमडी-४०३० वगैरे. शिकायला चालतात, पण आपल्या मातीत लवकर थकतात. जमत असेल तर थोडे थांबा आणि गॅरेट, मिनलॅब, नोक्टा यांच्यापैकी सुरुवातीचं मॉडेल घ्या, वापरलेलं असलं तरी चालेल. बघायचं काय, तर ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा आवाज गप्प करायची सेटिंग) हाताने करता येते का, डीडी कॉइल (आत डी आकाराच्या दोन तारा असलेली) आहे का, हेडफोन लागतो का. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं मिळालं तर विदर्भासाठी तेच बरं. वॉरंटी आणि सर्व्हिस भारतात आहे का ते आधी फोन करून विचारा.

खोलीच्या जाहिरातींवर जाऊ नका. रुपयाएवढी वस्तू साध्या मशीनला एक वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटरवर मिळाली तर मशीन उत्तम. 'दहा फूट' लिहिलेलं असते ते लोखंडी कपाटाएवढ्या वस्तूसाठी राहते, तेही खरं असलं तर. सोबत पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचं छोटं डिटेक्टर, मात्र नक्की घ्या, खड्ड्यातल्या ढेकळात नाणं नेमकं कुठे आहे ते तो सांगतो, अर्धा वेळ वाचतो.

मशीन सारखं ओरडून राहिलं, खराब आहे का?

बहुतेक नाही. नागपूरच्या पश्चिमेकडे, म्हणजे हिंगणा, काटोल, कळमेश्वर, खाली बेसॉल्टचा खडक आहे आणि काळी माती त्याच्यातूनच झालेली. त्या खडकात मॅग्नेटाइट राहते, लोखंडाचं चुंबकीय खनिज, ते मशीनला सारखं धातूसारखं वाटते. पूर्वेकडे खडक वेगळा, जमीन थोडी शांत, पण रामटेक-मनसरकडे मँगनीजचा पट्टा लागतो आणि एखादा दगडच नाण्यासारखा वाजतो.

उपाय साधा आहे. धातू नसलेल्या जागी कॉइल गुडघ्यापासून जमिनीजवळ वर-खाली करा आणि आवाज सपाट होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स लावा. शेत बदललं की पुन्हा करा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नेऊन ठेवायची सवय सोडा, दोन घरं खाली आणली की खोलीत फार फरक पडत नाही पण डोकं शांत राहते. आणि वर बघा, कोराडी-खापरखेड्याकडून निघालेल्या हाय टेन्शन लाईनच्या खाली कुठलंही मशीन किरकिर करतेच, तिथून लांब सरका. मोबाईल खिशात फ्लाइट मोडवर.

डिस्क्रिमिनेशन किती ठेवू?

डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको ते धातू गप्प करायची सेटिंग. सुरुवातीला शून्य. म्हणजे सगळं ऐकायचं. भारतात एक गोष्ट परदेशी व्हिडिओवाले कधीच सांगत नाहीत, आपली आताची एक-दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. लोखंड बंद केलं की बरेचदा ही नाणीच बंद होतात. जुनी ॲल्युमिनियमची पाच-दहा-वीस पैशांची नाणी वेगळ्या आकड्यावर, तांब्या-निकेलचा रुपया वेगळ्या, चांदीचा राणीछाप रुपया एकदम वरच्या स्वच्छ टोनवर.

सोन्यासाठी तर चाळण उघडीच ठेवा. हिंगण्याकडे एका काकूंची अंगठी सोयाबीन काढताना गेली होती, थ्रेशर लागलेला, कुटाराचा डोंगर. जमिनीवर शोधून काही मिळालं नाही. मग ताडपत्रीवर थोडं थोडं कुटार पातळ पसरवायचं, वरून कॉइल फिरवायची, बाजूला सारायचं, असं चाललं. टोन आला तो बारीक आणि खालचा, गोळीच्या पाकिटाचा येतो तसाच, डिस्क्रिमिनेशन लावलं असतं तर गेलाच होता. काडीत अडकलेली अंगठी निघाली, काकूंनी ती आधी पदराने पुसली आणि मग बोटात घातली.

सिग्नल खरा की खोटा हे ओळखायला दोन्ही बाजूंनी फिरवा, मग नव्वद अंशात उभं राहून पुन्हा. चारही वेळा एकाच जागी एकसारखा वाजला तर खोदा. एकाच दिशेने वाजून दुसऱ्या दिशेने तुटला तर बहुतेक वाकडा खिळा.

खरंच काय काय सापडते?

खिळे, तार, बाटलीची झाकणं, बैलाची नाल, फाळाचं टोक, तुतारीची (बैल हाकायच्या काठीची) आर, घागरमाळेतलं पितळी घुंगरू. घुंगरू हाती आलं की माती झटकून हलवून बघा, आतला खडा शाबूत असला तर वाजते. नाण्यांमध्ये १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा, पाव आणा, १९५७ नंतरचा नया पैसा. कधी शिवराई, नागपूर जिल्ह्यात भोसल्यांच्या काळातलीही निघू शकते. चांदीचा रुपया निघाला तर ११.६६ ग्रॅम वजन बघा, १९४० पासून त्यात चांदी निम्मीच राहिली आणि १९४७ चा तर निकेलचा. पण जुनं नाणं, मग ते एकटं असलं तरी, वर सांगितलं तसं कळवायचं.

खोदायचं कसं?

पिनपॉइंट करा, नाण्यापासून चार बोटं सोडून खुरपं लावा, नाहीतर पहिला घाव नाण्यावर बसतो. लॉन असेल तर गवताचा तीन बाजूंनी काप घेऊन झाकणासारखं उलटा, माती कापडावर काढा, परत भरा, पायाने दाबा, पाणी द्या. काळ्या मातीत उन्हाळ्यात कुदळसुद्धा टणकन वाजते, तेव्हा हट्ट करू नका. संत्र्याच्या बागेत झाडाच्या आळ्यात कधीच नाही, मुळं तुटतात. खिळा निघाला तरी उचलून घरी न्या, परत मातीत टाकू नका.

नाणं लिंबाने किंवा चिंचेने साफ करू का?

नाही. साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढा, बस. हिरवा थर हा तांब्याच्या नाण्याची चामडी आहे, तो गेला की अक्षरंही जातात. जे कळवायचं आहे त्याला तर पाणीसुद्धा लावू नका.

कोणता सीझन चांगला?

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघालं की हरभरा पेरायच्या आधी काही दिवस शेत मोकळं राहते आणि मातीत ओल असते. ओलीत सिग्नलही बरा येतो. मग संक्रांतीनंतर पीक निघेल तसतसं. मे मध्ये पंचेचाळीसच्या वर पारा गेल्यावर माती फुटलेली आणि डोकंही तापलेलं, पहाटे दोन तास जमते. पावसाळ्यात काळा चिखल कॉइलला चिकटतो, घरी बसून मशीन शिका.

पायाळू माणूस, लाँग रेंज मशीन, गुप्तधनाचा नकाशा?

याच्यापासून लांब राहा. पायाने जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसते ही समजूत आपल्याकडे अजून आहे आणि तिच्यापायी माणसांचा जीव गेलेला आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. कोणी पूजा, अमावस्या, बळी, मांडूळ असा एकही शब्द काढला तर तिथून निघा आणि पोलिसांना कळवा.

हातात दोन अँटेना, 'एक किलोमीटरवरचं सोनं पकडते' म्हणून लाखाला विकतात ते मशीन, राईस पुलर (तांदूळ ओढून घेते म्हणून विकतात ते 'जादूचं' भांडं), हे सगळे फसवणुकीचे धंदे आहेत. वर सांगितलं ना, चांगलं मशीनही नाणं वीतभरच पकडते. रात्री तर शेतात जाऊच नका, गाव तुम्हाला गुप्तधनवालाच समजेल आणि गावाचं काही चुकणार नाही.

काडतूस किंवा बॉम्बसारखं काही निघालं तर?

हात लावू नका, माती टाकू नका, माणसं बाजूला करा, ११२ ला फोन. जिवंत काडतूस आठवण म्हणून घरी ठेवणं शस्त्र कायद्यात बसते.

हरवलेली वस्तू शोधून द्यायचे पैसे घ्यावेत का?

पेट्रोलचे घ्या, जे ठरेल ते आधी ठरवा. पण कोणाची ओळखीची वस्तू, नाव कोरलेली अंगठी, मंगळसूत्राची वाटी मिळाली तर मालक शोधायचा, ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ चा गुन्हा होऊ शकतो.

शेतात जायच्या आधी घरी सराव कसा करू?

अंगणात किंवा मोठ्या कुंडीत दहाचं नाणं, जुने वीस पैसे, एक जोडवं, एक खिळा, एक झाकण ५, १० आणि १५ सेंटीमीटरवर पुरा, वर काड्या खोचा, कागदावर नकाशा काढा. महिनाभर तसंच राहू द्या आणि दर रविवारी ऐका. मग काड्या काढून घरच्या कोणाला तरी बाजूला उभं करा आणि खोदण्याआधी काय आहे ते बोलून दाखवा. खिळा आणि दहाचं नाणं डोळे मिटून वेगळं ओळखता आलं की शेतात जा, पायात उंच बूट घालून, कारण घोणस ढेकळाच्या रंगाची राहते आणि मशीनला ती दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा.